पाव्हणं, गाव कुठलं?

स्वारगेटहून भोरच्या एसटीत बसलात की कात्रजचा बोगदा यायच्या आत शेजारचे आजोबा एक प्रश्न विचारतातच, "पाव्हणं, गाव कुठलं?" आपण म्हणतो, "कामथडीला हॉस्टेलवर असतो, मूळचा अमक्या गावचा." लगेच दुसरा प्रश्न, "मग इकडं कुणामुळं आलात?" आणि तिसरा, "किती वर्षं झाली?" एवढ्या तीन प्रश्नांत अनोळखी माणूस ओळखीचा होतो.

हेच तीन प्रश्न मी इंग्रजी शब्दांना विचारायला लागलो, त्याची ही गोष्ट. गोष्ट कसली, एक प्रकारचा अभ्यासच म्हणा!

फर्स्ट इयरला आलो तेव्हा दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीत झालेलं. लेक्चरला सर काय बोलतात ते निम्मं कळायचं, उरलेलं शेजाऱ्याच्या वहीत बघायचं. सिनियर लोकांनी सांगितलं, "कॅम्पसला अ‍ॅप्टिट्यूड असते, त्यात अवघड शब्दांचे अर्थ विचारतात, आत्तापासून पाठ कर." मग झेरॉक्सवाल्याकडून शब्दांची एक जाडजूड यादी आणली. रोज पंचवीस शब्द पाठ करायचे. रात्री पाठ केलेले शब्द सकाळी चहाच्या टपरीपर्यंत टिकायचे नाहीत. आठवड्याने यादी गादीखाली गेली आणि मनात एक गोष्ट पक्की बसली, की इंग्रजी हे परक्याचं घर आहे, आपण तिथे दारातच उभे राहणार.

हा समज मोडला तो राजगडावर.

टँक : गडावरून रणांगणात

सेकंड इयरच्या दिवाळीआधी आम्ही पाचसहा जण गुंजवण्यातून राजगड चढलो. वर कातळात कोरलेल्या टाक्याशी बसून पाणी भरत होतो. टाकं हा शब्द आपल्या भोर-वेल्ह्याच्या पोरांना काही नवा नाही. राजगड असो की तोरणा, गड म्हटला की टाकं आलंच. बरोबरच्या एका मित्राने सहज विचारलं, "टाकं आणि टँक सारखंच वाटतं नाही का रे?" आम्ही हसलो. "म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात इंग्रजी होतं काय?"

खाली आल्यावर लायब्ररीत इंग्रजी शब्दकोश काढला, आणि हसू बंद झालं. टँक हा शब्द इंग्रजांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातून उचललेला आहे. कोशकार त्याचं मूळ म्हणून गुजरातीतला टांकं आणि मराठीतलं टाकं ही दोन्ही रूपं देतात. पाणी साठवण्याची जागा या अर्थाचा 'टांक' हा पोर्तुगीज शब्दही त्यात मिसळला आणि शब्द पक्का झाला. म्हणजे मित्राचं म्हणणं उलट बाजूने खरं होतं. महाराजांच्या काळात इकडे इंग्रजी रुळलेलं नव्हतं, पण तिकडच्या इंग्रजीत आपलं टाकं पोचलेलं होतं!

पुढचा प्रवास आणखी मजेशीर आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी लोखंडी चिलखताची, पट्ट्यावर चालणारी गाडी गुपचूप बनवायला घेतली. कारखान्यातल्या लोकांना आणि हेरांना संशय येऊ नये म्हणून सांगितलं, की या पाणी वाहून न्यायच्या टाक्या आहेत. कागदोपत्री नाव पडलं टँक. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत त्या गाड्या पहिल्यांदा उतरल्या, गुपित संपलं, पण नाव चिकटून राहिलं. आज अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन ते लोखंडी धूड बघा आणि मनात म्हणा, "पाव्हणं, गाव कुठलं? आमच्याकडचं दिसताय!"

त्या दिवशी मी गादीखालची यादी परत बाहेर काढली.

आणखी काही गाववाले

१) मंगूस. इंग्रजीत शेवटचा भाग बदकाच्या मोठ्या भावाचा, म्हणजे 'गूस'चा वाटतो. पण त्याचा गूसशी काही संबंध नाही. हे आपलं मुंगूस आहे. पोर्तुगीजांच्या तोंडून ते सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत गेलं. आपल्या मुंगसाचंही मूळ कानडी-तेलुगूच्या बाजूला जातं, म्हणजे हा प्राणी भाषांच्या बांधावरून बांधावर पळणाराच! मूळ कळलं की एक चूकही टळते. गूसचं अनेकवचन गीस होतं म्हणून मंगूसचं मंगीस करू नका. ते मंगूसेसच.

२) डंगरी. वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबवर कानस घासताना अंगात जो बॉयलर सूट असतो, त्याला कारखान्यात जुने लोक अजून डांगरी म्हणतात. इंग्रजीत हा शब्द आधी जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव होता आणि त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. ते कापड टिकाऊ म्हणून त्याच्या खलाशांच्या आणि कामगारांच्या विजारी शिवल्या, आणि कापडाचं नाव कपड्याला लागलं. कापडांना गावाची नावं लागण्याची पद्धत जुनीच आहे. डेनिम म्हणजे फ्रान्समधल्या 'नीम' गावचं, जीन्स म्हणजे इटलीतल्या जिनोवाची आणि कॅलिको म्हणजे आपल्या केरळातल्या कालिकतचं.

३) डूलॅली. इंग्रजी बोलण्यात 'तो डूलॅली झालाय' म्हणजे त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. हे डूलॅली म्हणजे नाशिकजवळची देवळाली! तिथे गोऱ्या पलटणींची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई तिथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसत. जहाजं ठरावीक महिन्यांतच सुटायची. काम नाही, उन्हाळा, घरची ओढ, त्यात ताप. काहींची डोकी फिरायची. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणायचे. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! पीएलमध्ये हॉस्टेलवर एकट्याने पडून राहिलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही.

४) डेक्कन ट्रॅप. हा आमच्या सिव्हिलवाल्यांचा. जिऑलॉजीच्या पहिल्या तासाला मला वाटलं, ट्रॅप म्हणजे सापळा, बहुतेक लाव्हा सापळ्यात अडकला असणार. तसं नाही. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्राप्पा' म्हणतात. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, कडा झिजल्या आणि डोंगराला पायऱ्या पडल्या, म्हणून ट्रॅप. डेक्कन म्हणजे दख्खन, मूळ संस्कृत दक्षिण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या या खडकाला एक नाव आपण दिलं, एक स्वीडनने, आणि जोडी इंग्रजीत जमली. आता पावसाळ्यानंतर इथल्या डोंगरांकडे नीट बघा. हिरव्या उतारावर काळ्या कातळाच्या आडव्या पट्ट्या दिसतील. व्याख्या पाठ करायची गरजच नाही, पायऱ्या मोजा.

साइन : या शब्दाने एकाला घरी जाण्यापासून थांबवलं

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्री साडेअकराला दारावर टकटक झाली. फर्स्ट इयरचा एक मुलगा, वेल्ह्याकडच्या वाडीतला. डोळे सुजलेले. म्हणाला, "दादा, मी उद्या घरी चाललोय. कायमचा. मॅथ्समध्ये युनिट टेस्टला तीस पैकी चार पडले. मला इंग्रजीच समजत नाही तर गणित काय समजणार? वडील म्हणतील ते काम करीन." बॅग भरून झाली होती.

मला समजवता येत नाही. मी चहा केला. त्याच्या हातातल्या वहीत कडेला साइन थीटा शंभर वेळा लिहिलेला दिसला, शाळेत शिक्षा म्हणून लिहितात तसा. मी विचारलं, "साइन म्हणजे काय?"

"समोरची बाजू भागिले कर्ण."

"ते सूत्र झालं. शब्दाचा अर्थ काय?"

"दादा, तो इंग्रजी शब्द आहे. मला काय माहीत?"

"बरं, वर्तुळाची जीवा माहीत आहे?"

तो जरा चिडलाच. "ती कुणाला माहीत नाही? शाळेतच झालीय. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारा रेषाखंड."

मग मी कागदावर धनुष्य काढलं. वाकवलेली कांब म्हणजे चाप, दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात, आर्यभटाच्या इ. स. ४९९ च्या ग्रंथात, गणितासाठी अर्धी दोरी आणि तिच्यासमोरचा अर्धा चाप घेतलेला आहे. ती अर्धज्या. बोलता बोलता 'अर्ध' गळून पडलं आणि अर्ध्या दोरीलाच ज्या म्हणायला लागले. त्रिज्या एक मानली तर ही अर्धी दोरी म्हणजेच आपला साइन!

पुढे हे गणित अरबांकडे गेलं. त्यांनी जीवा या शब्दाचं 'जीबा' केलं. त्यांच्या लिपीत स्वर बहुतेक लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर उरले ज आणि ब. अरबीत जीबाला काही अर्थ नव्हता. नंतरच्या वाचणाऱ्याला ज-ब दिसलं की तो 'जैब' वाचायचा. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी, गळ्याशी असणारी पोकळी. हिंदीतला खिशाचा 'जेब' त्याच घरातला. बाराव्या शतकात युरोपातल्या पंडितांनी अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेले तेव्हा त्यांनी या 'जैब'चं इमानदारीत भाषांतर केलं. लॅटिनमध्ये घडी, वळण, खाडी याला शब्द आहे 'सायनस'. तोच इंग्रजीत साइन झाला. सर्दीत कपाळामागे ठणकतं ते सायनसही तेच, हाडातली पोकळी.

म्हणजे धनुष्याची दोरी, वाटेत तिचा झाला खिसा, आणि खिशाचा झाला साइन. वाचण्यातली एक चूक आठशे-नऊशे वर्षं जगभर पाठ होते आहे!

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग त्रिज्या मधली ज्या पण...?" हे त्याचं त्यालाच सुचलं. मी फक्त पुढचं सांगितलं. राशिचक्रात एक रास ३० अंशांची, तीन राशी म्हणजे ९० अंश. तीन राशींची ज्या म्हणजे त्रिज्या. आता साइन ९० किती? एक. म्हणजे अख्खी रेडियस! पोराने मांडीवर थाप मारली.

मी आणखी एक गोष्ट सांगितली. भास्कराचार्य, जन्म १११४. त्यांच्या सिद्धांतशिरोमणीत, म्हणजे ११५० साली, दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढायचा नियम दिलेला आहे. आपण साइन ए प्लस बी म्हणून घोकतो तोच. त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला. त्याचा शिलालेख आपल्या खानदेशात चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. मग साइन परक्याचा कसा?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. त्या रात्री त्याचं इंग्रजी सुधारलं नाही, आणि शब्दाचं मूळ कळलं म्हणून इंटिग्रेशनही आलं नाही. ते त्याने पुढचे दोन महिने रोज तीन तास घासून आणलं. पण सकाळी बॅग उघडली गेली. 'हे माझ्यासाठी नाहीच' असं वाटत असेल तर माणूस तीन तास बसतच नाही. तो एम-वन सुटला, काठावर का होईना, सुटला. त्याच्या परवानगीनेच हे लिहितोय.

आपणही काही कमी नाही

परका शब्द तोंडात बसवताना त्याला ओळखीचं रूप द्यायचं ही सगळ्यांचीच सवय. मोहरममध्ये 'या हसन! या हुसेन!' असा घोष ऐकून गोऱ्या शिपायांनी त्याचं 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकलं. पुढे यूल आणि बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा मोठा कोश केला, तो १८८६ मध्ये याच नावाने निघाला. ज्यांना शब्दांचा नाद लागेल त्यांनी तो जरूर चाळावा.

आपण त्यांची परतफेड केलीच. एल्फिन्स्टन साहेबाचा आपण 'आलपिष्टन' केला. पहारेकऱ्याचं 'हू कम्स देअर' हे आपल्या कानाला 'हुकुमदार' ऐकू आलं. आणि ज्याला आपण अस्सल मराठी समजतो ती आपली खोलीच बघा. चावी, पाणी तापवायचा बंब, साइटवरचं घमेलं आणि महिन्याच्या शेवटी ज्याची स्वप्नं पडतात तो पगार, हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले पाहुणे आहेत. इतके मुरले की आता त्यांना कुणी गाव विचारत नाही. मेसमधला बटाटा आणि पावसुद्धा त्यातलेच. तेव्हा आपल्या भाषेत इंग्रजी शब्द आला म्हणून लाज नको आणि इंग्रजीत आपला शब्द सापडला म्हणून फार छाती फुगवायलाही नको. शब्द एसटीने फिरतात, तिकीट काढतात, उतरतात.

खोटे पत्ते देणारे

आता सावधानतेचा इशारा! काही शब्दांच्या गोष्टी इतक्या छान असतात की त्या खोट्याच असतात.

'पॉश' घ्या. सांगतात की मुंबईला येणाऱ्या बोटीवर श्रीमंतांना जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची, म्हणजे सावलीची खोली मिळायची, तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' छापायचे, त्याचा शॉर्टफॉर्म पॉश. गोष्ट झकास, पण असं छापलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. 'न्यूज' म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण यांची आद्याक्षरं, हीसुद्धा थापच. न्यूज म्हणजे नवीन गोष्टी, एवढं साधं आहे.

कॉम्प्युटरवाल्यांचा लाडका 'बग' अर्धा खरा आहे. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या रिलेत खरोखर पतंग सापडला आणि तो लॉगबुकात चिकटवला, हे खरं. पण शब्द तिथे जन्मला हे खोटं. यंत्रातल्या दोषाला एडिसनने १८७८ च्या पत्रातच बग म्हटलेलं आहे. उलट लॉगबुकवाल्यांना गंमत याचीच वाटली, की शब्दातला किडा शेवटी खरंच सापडला!

मग ओळखायचं कसं? आजोबांचे तेच तीन प्रश्न. गाव कुठलं, म्हणजे मूळ भाषेत तो शब्द खरंच होता का? कुणाबरोबर आलात, म्हणजे व्यापारी, शिपाई, पंडित, आणणारा कोण? आणि किती वर्षं झाली, म्हणजे पहिला लेखी वापर कधीचा? गोष्ट १९४७ ची आणि लेखी पुरावा १८७८ चा, तर गोष्ट पडली. आणखी एक युक्ती. जुन्या शब्दाला कुणी शॉर्टफॉर्म सांगितला की संशय घ्या. आद्याक्षरांचे शब्द बनवायची फॅशन मुख्यतः विसाव्या शतकातली. रडार, सोनार, लेसर हे खरे, कारण ते त्याच शतकातले. लॅबमध्ये आपण रीडिंग तीनदा घेतो, तसंच हे. फॉरवर्ड केलेलं रीडिंग जर्नलमध्ये उतरवायचं नाही.

वहीत उतरवायला काही शब्द

अल्गोरिदम – नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावाचं लॅटिन रूप.

अल्जिब्रा – त्याच्याच ग्रंथाच्या नावातला 'अल-जब्र'. अर्थ, मोडलेलं पुन्हा जुळवणं. म्हणून जुन्या स्पॅनिशमध्ये हाडवैद्याला अल्जेब्रिस्ता म्हणत. समीकरणाची हाडं बसवणं, एवढंच तर आपण करतो.

झीरो आणि सायफर – दोघे सख्खे भाऊ. संस्कृत शून्य, अरबीत त्याचं भाषांतर 'सिफ्र', म्हणजे रिकामं. एका वाटेने सायफर, दुसऱ्या वाटेने इटलीतून झीरो.

मान्सून – अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत. आपला मोसम त्याच शब्दापासून आलेला.

रोबो – चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला.

सेरेंडिपिटी – शोधायला गेलो एक, हाती लागलं भलतंच चांगलं. सेरेंडिप हे श्रीलंकेचं जुनं नाव. तिथल्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून होरेस वॉलपोलने १७५४ मध्ये हा शब्द बनवला.

इंजिनिअर – शेवटी आपण स्वतः! मूळ लॅटिन 'इंजेनियम', म्हणजे अंगची बुद्धी, कल्पकता. यंत्र हा अर्थ नंतरचा. म्हणजे आधी डोकं, मग मशीन. हे क्रम उलटा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

जाता जाता

या पद्धतीने दिवसाला पंचवीस शब्द होत नाहीत, दोन-तीनच होतात. पण ते जात नाहीत. एक वही करा. डावीकडे शब्द, उजवीकडे तीन प्रश्नांची उत्तरं, खाली त्या शब्दाचं आजच्या अर्थाने एक वाक्य. शेवटचं वाक्य विसरू नका, कारण इंटरव्ह्यूला शब्दाचं गाव विचारत नाहीत, त्याचा आजचा पत्ता विचारतात!

आणि सुरुवात दूर कुठे नको. आपण राहतो तिथूनच करा. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमथडी, गंगथडी आठवा, आणि मग कामथडी म्हणून बघा. काठावर उभं राहणाऱ्यांना पलीकडचं दिसतं. उतरायचं धाडस तेवढं आपलं.

त्या रात्रीचा तो मुलगा आता सेकंड इयरला आहे. परवा जिन्यात भेटला. म्हणाला, "दादा, टॅन्जंट म्हणजे काय ते मी स्वतः शोधून काढलं. स्पर्श करणारा. आपली स्पर्शिका!"

मी विचारलं, "गाव कुठलं त्याचं?"

"लॅटिन. पण ओळख शाळेतली आहे," तो म्हणाला आणि पळत लेक्चरला गेला.

– एक हॉस्टेलवासी, तृतीय वर्ष, स्थापत्य